पुरोहित नाही, आहेर नाही, पंगत मात्र झकास: गिरगावातल्या उपासना मंडळाने लावलेलं लग्न

लग्न लावून देणाऱ्यांबद्दल कुणी अभिप्राय लिहीत नाही. केटररबद्दल लिहितात, हॉलच्या एसीबद्दल लिहितात, फोटोवाल्याच्या नावाने तर खडे फोडतात. पण दोन वेगळ्या जातीची पोरं लग्न करतायत, एका घराला भटजी चालत नाही आणि दुसऱ्या घराला नुसती कोर्टातली सही पुरत नाही, अशा वेळी जायचं कुणाकडे हे आम्हाला कुठेच वाचायला मिळालं नाही. आमच्यासारखे आणखी आईबाप असतील, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

गिरगावात एक छोटं उपासना मंडळ आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. 'इथे आंतरजातीय लग्ने लावून मिळतील' अशी आपली पाटी होऊ नये, अशी त्यांची इच्छा आहे आणि ती रास्त आहे. मूर्ती नाही, पुजारी नाही, सोवळंओवळं नाही. दर रविवारी संध्याकाळी एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चाळीस-पन्नास माणसं जमतात, अभंग म्हणतात, प्रार्थना करतात, मग कुणीतरी एक जण बोलतो आणि शेवटी चहा. त्यांच्यातलं कुणीही उपासना चालवतं. बाई असो, बुवा असो, जात कुठलीही असो. कुणी मागितलं तर लग्न लावून देतात, बारसं करतात, कुणी गेलं तर घरी येऊन प्रार्थनाही करतात.

आता आमची बाजू. आम्ही मालवणकडचे भंडारी, राहायला लालबागला. मी बेस्टमध्ये वाहक होतो, आता निवृत्त. जावई नांदेडचा, बौद्ध. व्याही एसटीत मेकॅनिक होते. एसटी आणि बेस्ट म्हटल्यावर आमचं दोघांचं पहिल्याच भेटीत जमलं, गिअरबॉक्स आणि डेपो मॅनेजर हे विषय कधी संपत नाहीत. अडचण आमच्यात नव्हती, विधीत होती. व्याही स्पष्ट म्हणाले, "आमच्या वडिलांनी १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. ब्राह्मणाच्या हातून विधी आमच्याकडे होणार नाही." आमच्या मंडळींचं, म्हणजे बायकोचं, म्हणणं, देवाचं नाव न घेता पोरीला घराबाहेर कशी काढू? मधल्या मध्ये एका गुरुजींना विचारून बघितलं. मुलाचं आडनाव ऐकलं आणि त्यांच्या सगळ्या तारखा एकाएकी भरल्या. बरंच झालं म्हणा. व्याह्यांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं असतं.

लेकीच्या ऑफिसातल्या मैत्रिणीने या मंडळाचं नाव सांगितलं.

पहिली गोष्ट ध्यानात ठेवा: इथे फोन करून तारीख मिळत नाही. आधी काही रविवार यावं लागतं, दोन्ही घरच्यांनी. मला ते जाचक वाटलं. पैसे मोजून हॉल घेतो तसा हा मामला नाही, हे समजायला वेळ गेला. मंडळाचं काम बघणाऱ्या एक बाई आहेत, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या, सगळे त्यांना ताई म्हणतात, आम्हीही म्हणतो. ताई दोन्ही बापांना एकाच बाकावर बसवतात आणि सरळ विचारतात. हुंडा, मानपान, वरदक्षिणा या नावाने काही ठरलंय का? मुलीचं नाव बदलणार का, आणि ते कुणी ठरवलं? लग्नाचा खर्च निम्मानिम्मा आहे का? मग वहीत लिहून घेतात आणि दोघांच्या सह्या घेतात. व्याही नंतर जिन्यात म्हणाले, "एवढी चौकशी तर आमच्या खात्यात डिझेल चोरीची पण व्हायची नाही."

कागदाचं मात्र चोख. मंडळात लग्न लागलं म्हणून कायद्याने ते लागलं असं होत नाही, हे ते आधीच सांगतात. आधी विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी, मग इथला समारंभ. १९५४ चा कायदा. नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदार घेऊन विवाह अधिकाऱ्यापुढे सह्या. तीस दिवस नोटीस लागलेली असते, घरात विरोध असेल तर तो काळ अवघड जातो, हे त्यांनी पोरांना नीट समजावलं आणि अडलं तर आमच्याकडचा वकील आहे, असंही सांगितलं. आमच्याकडे तशी वेळ आली नाही. राज्य सरकारची आंतरजातीय लग्नासाठी ५०,००० रुपयांची योजना आहे, तीही मला ताईंकडून कळली. ती कुणाला लागू होते ते समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या.

ताईंनी सांगितलेली एक गोष्ट डोक्यात बसली. पूर्वीचा कायदा १८७२ चा. त्याखाली लग्न करायचं तर नवरानवरीने लिहून द्यावं लागायचं की आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, पारशी नाही, बौद्ध, शीख, जैनही नाही. म्हणजे जात सोडायची तर धर्मच सोडल्याचा दाखला द्या! त्या काळात ज्यांनी तसं लिहून दिलं असेल त्यांच्या आईबापांचं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनात बरेच दिवस होता.

जागेबद्दल. चर्नी रोडला उतरून चालत यायचं, आता मेट्रोचं गिरगाव स्टेशनही झालंय. गाडी आणू नका, लावायला जागा नाही. लिफ्ट नाही. जिना लाकडी आणि चढा आहे. आमच्या आत्याला खुर्चीत बसवून चार पोरांनी वर नेली. उतरताना ती घाबरली. मंडळाने लग्नाच्या चौकशीच्या वेळीच हे सांगायला हवं. हॉल दीडशे माणसांचा म्हणतात, एकशेवीसलाच भरतो. पंखे भरपूर, खिडक्या मोठ्या, हवा छान येते. माइक अगदी टाकाऊ. मागच्या चार ओळींना शपथ ऐकूच आली नाही.

आता समारंभ. एकूण दीड तास. दारात कुंकू-अक्षता नाहीत, गुलाबपाणी आणि बसा म्हणणारी माणसं. सुरुवातीला तुकोबांचा एक अभंग, पेटी आणि टाळांवर, सगळ्यांनी मिळून. मग व्याह्यांकडच्या मंडळींनी उभं राहून बुद्धवंदना म्हटली, आमच्याकडचेही उभे राहिले. मग ताईंनी पोरांना समोरासमोर उभं केलं. शपथा पोरांनी स्वतः लिहून आणायच्या, हा इथला नियम. जावयाने लिहिलं होतं, 'घरातल्या कामाला मदत करीन असं म्हणणार नाही, कारण ते माझंही काम आहे.' हे ऐकून बायका हसल्या, पुरुष जरा गप्प झाले. अंतरपाट नव्हता. अक्षताही नाहीत, फुलांच्या पाकळ्या टाकायच्या. अक्षतांसाठी म्हणून दोन्ही घरांनी आणलेले तांदूळ, आमचे दहा किलो आणि त्यांचे दहा, सरळ भटारखान्यात गेले. ते कुठे जातात ते पुढे सांगतो. आमच्या मंडळींना देवाचं नाव हवं होतं. प्रार्थनेत ते आलं, नुसतं 'देवा' म्हणून. व्याह्यांच्या बाजूचे त्या वेळी शांत बसून राहिले. कुणाची कुरकुर झाली नाही.

मग व्याख्यान. हे मात्र फार झालं. एक निवृत्त प्राध्यापक सामाजिक न्यायावर बोलले ते बोलतच राहिले. विषय चांगला, माणूस अभ्यासू, पण मांडवात लहान पोरं रडतायत, आतून उसळीचा वास येतोय, आणि हे अजून एकोणिसाव्या शतकातच. लग्नात पाच मिनिटं बोला की. एरवी रविवारी पाऊण तास ऐकायची आमची तयारी असते.

जेवणाबद्दल मात्र सविस्तर लिहिणार. माझ्या मते इथे यायचं ते या पंगतीसाठी, बाकी सगळं कुठेही मिळेल.

केटरर नाही. मंडळाची माणसं आणि दोन्ही घरची मिळून रांधतात, त्यात पुरुष निम्मे हवेतच. आदल्या रात्रीपासून आमची माणसं तिथे. मी आणि व्याही नारळ खवत होतो. काळ्या वाटाण्यांची उसळ आमच्या मंडळींनी केली, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण घालून, जशी गावी लग्नाला करतात तशी. त्यांच्याकडून ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. वरण-भात, वांगं-बटाटा, ताक. गोडाला नारळाच्या रसातले शिरवळे, म्हणजे तांदळाच्या शेवया. नांदेडच्या पाहुण्यांनी शिरवळे आधी संशयाने बघितले, मग वाट्या परत पुढे आल्या. उणं काढायचंच तर दुसऱ्या पंगतीपर्यंत भाकऱ्या वातड झाल्या होत्या आणि वांग्यात मीठ कमी होतं. ठेचा मला झेपला नाही, पण तो माझा दोष.

आता वाढप. नियम असा: नवरीकडच्यांना नवऱ्याकडच्यांनी वाढायचं आणि नवऱ्याकडच्यांना नवरीकडच्यांनी. अदलाबदल चालत नाही. पहिल्या पंगतीला घरचे मानकरी बसत नाहीत. त्या दिवशी इमारतीच्या सफाईला आलेल्या बाया, सिलिंडर वर आणून देणारी पोरं, फुलवाला, पेटीवाला हे पहिल्या पंगतीला, आणि त्यांना नवरानवरी वाढतात. सगळ्यांना ताटं एकच, पत्रावळी आणि स्टील असा भेद नाही. व्हीआयपी टेबल नाही. आमच्या वॉर्डातले एक माजी नगरसेवक आले होते, तेही रांगेत बसले, आणि त्यांना मुळीच राग आला नाही. उलट दोनदा ताक मागितलं.

माझी थोरली बहीण, आक्का, आयुष्यभर दुसऱ्याच्या घरचं पाणी न पिणारी. म्हणजे उघड कधी बोलायची नाही, 'आत्ताच प्यायलेय' म्हणायची. ती लग्नाला आली हेच नवल होतं. थोरले दादा तर आलेच नाहीत, वहिनी एकट्या आल्या. ताईंनी आक्काला नुसतं बघून ओळखलं असावं. पंगत बसली तशी त्यांनी तिच्या हातात पाण्याचा जग दिला. "आक्का, तुम्ही पाणी वाढा, तुमचा हात स्थिर आहे." आक्काने नांदेडच्या बायकांना पाणी वाढलं. प्रत्येकीजवळ थांबून, वरून, पेल्याला जग लागणार नाही अशा बेताने. चार बायका झाल्या, पाचवी म्हातारी होती, तिचा पेला थरथरत होता. आक्काने दुसऱ्या हाताने पेला धरला आणि भरला. मग पुढच्या सगळ्यांचे धरूनच भरले. पुढच्या पंगतीला ती स्वतः बसली तेव्हा विहीणबाई तिला भात वाढत होत्या. ती जेवली. घरी गेल्यावर आंघोळ केली की नाही ते मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही.

नंतर मी ताईंना म्हटलं, तुम्ही हे ठरवून करता. त्या म्हणाल्या, हे आम्ही शोधलेलं नाही, पावणेदोनशे वर्षांचं आहे. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा नावाची गुप्त मंडळी होती, दादोबा पांडुरंग तर्खडकर त्यांतले पुढारी. सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. जात मानत नाही असं तोंडाने कुणीही म्हणेल, खाऊन दाखव! पण सगळं दाराआड. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, आता नावं फुटणार म्हणताच मंडळी पांगली. पुढे त्यांच्यातल्याच काहींनी, दादोबांचे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने, ३१ मार्च १८६७ रोजी प्रार्थना समाज काढला. रानडे आणि भांडारकर नंतर आले.

प्रार्थना समाज! नोकरीत असताना गिरगावच्या रूटवर मी हे नाव रोज ओरडायचो. "चला, प्रार्थना समाजवाले पुढे या." स्टॉप आहे, त्यापलीकडे ते काय आहे हे मला माहीत नव्हतं आणि उतरणाऱ्या कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. हे मंडळ त्या समाजाची शाखा नाही, पण उपासनेची रीत तिथूनच घेतलीय, असं ताई म्हणाल्या.

त्यांच्याकडची बरीचशी कामंही त्याच घरातली. १८७६ मध्ये प्रार्थना समाजाने मजुरांसाठी रात्रशाळा काढल्या होत्या. या मंडळाची रात्रीची अभ्यासिका आहे, त्याच हॉलमध्ये, सोमवार ते शनिवार. दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही चालू असताना दहावीचा अभ्यास कसा करायचा, हे चाळीत राहिलेल्या माणसाला सांगायला नको. बहुतेक पोरं सफाई कामगारांची. आणि मंडळातले दोन-तीन जण आणखी एक काम करतात, ते फारसं बोलून दाखवत नाहीत. गटारात, मॅनहोलमध्ये उतरून माणूस गेला की त्याच्या घरच्यांचे कागद करून देतात. हाताने मैला काढायला लावण्यावर २०१३ चा कायदा आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूला दहा लाख रुपये भरपाई द्या म्हटलं, २०२३ मध्ये ती तीस लाख केली. पण विधवेला ते सांगणार कोण? ठेकेदार म्हणतो हा माझा माणूसच नव्हता, हजेरीवर नाव नाही. मग शेजाऱ्यांचे जबाब, मोबाइलचं रेकॉर्ड, बूट कुणी दिले होते, असं एकेक जमवत बसायचं. एका रविवारी उपासना झाल्यावर अशीच एक फाइल टेबलावर उघडली होती. तासभर चार माणसं एका हजेरीपत्रकाच्या झेरॉक्सवर डोकं घालून बसली होती, चहा निवून गेला. मला त्या दिवशीच्या प्रवचनातलं काही आठवत नाही, ते झेरॉक्स आठवतं.

ताई विठ्ठल रामजी शिंद्यांचं नाव फार घेतात. शिंदे ऑक्सफर्डला शिकून १९०३ मध्ये परत आले, मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले आणि १९०६ मध्ये अस्पृश्य मुलांच्या शिक्षणासाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. पहिली शाळा परळला, म्हणजे आमच्या घरापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर. न्यायमूर्ती चंदावरकर मिशनचे अध्यक्ष होते. शिंद्यांच्या बहीण जनाबाई आणि घरची माणसं स्वतः त्या कामात होती. पण समाजातल्या पुष्कळ मोठ्या लोकांना प्रार्थना हवी होती, पंगत नको होती, असं ताई म्हणतात. घरी जातीचे नियम पाळायचे आणि रविवारी बंधुभावावर बोलायचं. १९१० मध्ये शिंदे प्रचारकपदावरून बाजूला झाले. व्याही हे सगळं ऐकून म्हणाले, "म्हणूनच आमच्या लोकांनी तुमच्या देवळांची वाट बघणं सोडलं." ताई त्यावर रागावल्या नाहीत. "बरोबर केलंत," एवढंच म्हणाल्या. व्याही अजूनही उपासनेला येत नाहीत, मात्र मुंबईत असले की चहाला येतात.

आता ज्याचा राग आला तेही लिहितो. मंडळातले एक गृहस्थ आमच्या मंडळींना मंगळसूत्रावर शिकवायला लागले. ही गुलामीची खूण आहे वगैरे. तिने छत्तीस वर्षं घातलेलं आहे, हप्त्याने घेतलं होतं, आणि संपाच्या दिवसांत दोनदा गहाण पडून परत आलंय. तिने शांतपणे विचारलं, "तुमच्या घरी भांडी कोण घासतं?" गृहस्थ म्हणाले, बाई येते. "तिला सुट्टी असते का रविवारची?" त्यावर त्यांना उत्तर सुचलं नाही. सुधारक मंडळींत अशी दोन-चार माणसं असतातच, समोरच्याला अडाणी धरून बोलणारी. मंडळात निम्म्याहून जास्त पेन्शनर आहेत, तरुण कमी, आणि काहींचं मराठी इतकं पुस्तकी की प्रार्थना आहे की परिपत्रक ते कळत नाही. ताईंनंतर हे कोण चालवणार हा प्रश्नच आहे.

एक गंमत पत्रिकेची. आमच्या मंडळींना वर 'श्री देव रवळनाथ प्रसन्न' हवंच होतं. मंडळात चर्चा झाली, दोघांनी विरोध केला. ताई म्हणाल्या, पत्रिका त्यांच्या घरची आहे, छापू दे. मग व्याह्यांनी त्यांच्या पत्रिकेवर बुद्ध आणि बाबासाहेब छापले, आणि दोन्ही पत्रिका एकाच पाकिटात घालून वाटल्या. लालबागच्या आमच्या चाळीत अजून त्या पाकिटाची चर्चा आहे.

पैशाचं. विधीचे पैसे नाहीत, दक्षिणा नाही. हॉलची वीज आणि सफाई मिळून ३,५०० रुपये घेतले, पावती दिली. सफाईचे पैसे सफाई करणाऱ्या बायांच्या हातात आमच्यासमोर दिले. शिधा, गॅस, भाजी धरून माणशी दीडशेच्या आत जेवण बसलं. आहेर नको असं पत्रिकेतच लिहायचं, तरी कुणी आणलाच तर पाकीट अभ्यासिकेच्या पेटीत. माझ्या साडूंनी आणलेला मिक्सर मात्र कुणी पेटीत टाकणार, तो लेकीकडे गेला. फोटो काढायला हरकत नाही, ड्रोन नाही, बँजो नाही. ज्यांना वरात हवी, मेंदीचा दिवस वेगळा हवा, संगीत हवं, त्यांनी इकडे फिरकू नये. दोन्ही घरांची निराशा होईल.

आणि तांदळाचं सांगायचं राहिलं. महिन्यातल्या चौथ्या रविवारी मंडळाची उपासना हॉलमध्ये होत नाही. सगळे परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास जातात. आसाम, बंगाल, बिहारहून आलेले पेशंट आणि त्यांची माणसं तिथे फुटपाथवर दिवस काढतात, हे लालबाग-परळच्या माणसाला नवीन नाही. आम्ही तिथून रोज जातो आणि नजर चुकवतो. मंडळ तिथे खिचडी आणि उकळलेलं पाणी नेतं. केमो चाललेल्या माणसाला तिखट चालत नाही म्हणून खिचडी मऊ आणि फिकी. लग्नातले वीस किलो तांदूळ तिथे गेले. आमच्या मंडळी आता दर महिन्याला जातात, मी बहुतेक वेळा. रांग लावणं माझ्याकडे दिलंय. उभ्या आयुष्यात तेच केलंय, कुणाला पुढे घ्यायचं आणि कुणाला 'मागची गाडी रिकामी आहे' म्हणून थांबवायचं. तिथे मागची गाडी नसते, म्हणून पातेलं संपण्याआधी मोजून घेतो.

पाचपैकी चार तारे. एक तारा जिना, माइक आणि त्या प्राध्यापकांसाठी कापला. त्यात कुणाला किती ते तुम्ही ठरवा.

जाणार असाल तर पत्ता मला विचारा, देईन. पण चौथ्या रविवारी हॉलवर जाऊ नका, कुलूप असतं. त्या दिवशी भेटायचंच असेल तर दुपारी साडेबाराच्या आत परळला या, आणि येताना दोन-चार किलो मूगडाळ आणा. तांदूळ सगळेच आणतात, डाळ कमी पडते.